विनोबा भावे : उदाहरणांकडून सिद्धतेकडे

पेण तालुक्यातील गागोदे या लहानशा गावी ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनायक नरहर भावे यांचा जन्म झाला. त्या काळी हा मुलूख कुलाबा जिल्हा म्हणून ओळखला जाई. रायगड हे नाव त्याला १९८१ साली मिळाले. विनोबा या नावाने देशाला परिचित झालेल्या या पुरुषाचे चरित्र सांगताना गीतेचे भाष्यकार, गांधीजींचे सत्याग्रही सहकारी आणि भूदानाचे प्रणेते ही त्यांची रूपे ठळकपणे मांडली जातात. त्यांच्या बुद्धीची घडण मात्र गणिताने केली होती, ही गोष्ट बहुधा ओझरती येऊन जाते. ईश्वर आणि गणित या दोहोंवर आपला पूर्ण विश्वास आहे, असे ते स्वतःच सांगत. पेण आणि रोहा परिसरातील जी मुले-मुली आज आठवी ते दहावीच्या वर्गात प्रमेयांशी झुंजत आहेत, त्यांच्यासाठी आपल्याच मातीतील या माणसाचे जीवन त्या बाजूने पाहणे उपयुक्त ठरेल.

गणिताच्या अभ्यासात विचाराच्या दोन वाटा असतात. पहिली उद्गामी : अनेक उदाहरणे तपासावीत, त्यांतील साम्य टिपावे आणि त्यावरून सर्वसाधारण नियम मांडावा. दुसरी अवगामी : मान्य झालेल्या नियमापासून निघावे आणि तर्काच्या पायऱ्यांनी विशिष्ट निष्कर्षापर्यंत यावे. पहिली वाट नियम सुचवते, दुसरी तो सिद्ध करते. विनोबांच्या आयुष्यात या दोन्ही वाटा वारंवार भेटतात; आणि त्या जिथे एकमेकींपासून फारकत घेतात, तिथेच त्या आयुष्यातील सर्वांत मोठा प्रश्न उभा राहतो.

बालपणीची पहिली काही वर्षे विनोबांनी गागोद्यालाच काढली. आजोबा शंभूराव धर्मनिष्ठ होते. आई रुक्मिणीबाई भक्तिपरायण होत्या. वडील नरहरपंत नोकरीनिमित्त बडोद्याला असत. त्यांचा पिंड प्रयोगशील. कापड रंगवण्याच्या शास्त्रात त्यांना विशेष रस होता. एका दिवाळीला ते गावी येणार होते आणि मुलाने खाऊची आशा धरली होती. हाती आलेल्या चपट्या पुडक्यातून निघाली मुलांसाठी लिहिलेली रामायण-महाभारताची पुस्तके. आईनेही मुलाला समजावले की याहून चांगला खाऊ दुसरा नाही. पुढे सारे कुटुंब बडोद्याला गेले आणि तेथील शाळेत विनायक गणितात चमकू लागला.

बडोद्याच्या घरातील एक प्रसंग विनोबा पुढे आवडीने सांगत. आईने देवाला तांदळाचे एक लाख दाणे वाहण्याचा संकल्प केला होता आणि ती रोज एकेक दाणा मोजून वाही. वडिलांनी ते पाहून सोपा उपाय सुचवला : एक तोळा तांदूळ घ्यावेत, त्यातील दाणे मोजावेत, लाख दाण्यांना किती तोळे लागतील याचा हिशेब करावा आणि कमी पडू नयेत म्हणून वर अर्धा तोळा घालावा. आईला उत्तर सुचले नाही. संध्याकाळी तिने मुलाला विचारले. मुलाने सांगितले की, हा केवळ हिशेबाचा प्रश्न नाही. प्रत्येक दाण्यागणिक मन ईश्वराकडे जाते, म्हणून मोजण्यालाच अर्थ आहे. आईचे समाधान झाले.

भक्तीचा भाग बाजूला ठेवून हा प्रसंग गणिताच्या वर्गात घ्यावा, इतका तो उद्बोधक आहे. वडिलांची रीत उद्गामी आहे : एका तोळ्यावरून साऱ्या राशीचे अनुमान. समजा, त्या तोळ्यात ५०० दाणे भरले, तर लाखासाठी २०० तोळे लागतील. पण राशीतील दाणे सर्वत्र सारखे नसतात. इतर तोळ्यांत सरासरी ४९८ दाणेच असतील, तर २०० तोळ्यांत ९९,६०० दाणे होतील, म्हणजे ४०० दाण्यांची तूट येईल. वर घातलेल्या अर्ध्या तोळ्याने त्यातील सुमारे २५० दाणेच भरून निघतील. एका नमुन्यातील दोन दाण्यांची चूक दोनशे पटींनी वाढते. यावर उपाय आहे : राशीच्या वेगवेगळ्या भागांतून अनेक तोळे घेऊन त्यांची सरासरी काढावी. त्याने चूक घटेल, पण पूर्णपणे नाहीशी होणार नाही. नेमकी संख्या हवी असेल, तर आईप्रमाणे प्रत्येक दाणा मोजण्यावाचून गत्यंतर नाही.

इथे कोणी म्हणेल की, गणितात असंख्य गोष्टींबद्दल विधाने केली जातात. त्या साऱ्या मोजायच्या कशा? त्रिकोणाचेच पाहा. वर्गातील साठ विद्यार्थ्यांनी साठ त्रिकोण काढले आणि कोनमापकाने कोन मोजले, तर बहुतेकांची बेरीज १८० अंशांच्या आसपास येईल. कोणाची १७९, कोणाची १८१. यावरून नियमाचा सुगावा लागतो, पण जगातील सर्व त्रिकोण मोजणे अशक्य असते. सिद्धता ही अडचण एका रेषेने दूर करते. शिरोबिंदूतून पायाला समांतर रेषा काढली की, पायाजवळचे दोन्ही कोन व्युत्क्रम कोन म्हणून वर येतात आणि शिरोकोनाशी मिळून सरळ कोन पूर्ण करतात. हा युक्तिवाद कोणत्याही एका त्रिकोणाबद्दल नसल्यामुळे तो सर्व त्रिकोणांना लागू होतो.

केवळ उदाहरणांवर विसंबणे किती फसवे ठरू शकते, हे दाखवणारे एक प्रसिद्ध उदाहरण आहे. एखादी संख्या घ्यावी, तिच्या वर्गात तीच संख्या आणि ४१ मिळवावेत. १ घेतल्यास ४३, २ घेतल्यास ४७, ३ घेतल्यास ५३, ४ घेतल्यास ६१ येतात. या साऱ्या मूळ संख्या आहेत. ३९ पर्यंत एकही अपवाद सापडत नाही. सलग एकोणचाळीस साक्षी मिळाल्यावर कोणालाही नियम हाती लागल्यासारखे वाटेल. पण ४० घेताच १६८१ येतात आणि ते ४१ गुणिले ४१ आहेत. ज्याने आकडेमोड बाजूला ठेवून रचनेकडे पाहिले असते, त्याला हे आधीच दिसले असते : ४० चा वर्ग अधिक ४० म्हणजे ४० गुणिले ४१, त्यात आणखी ४१ मिळवले की ४१ गुणिले ४१. एक प्रतिउदाहरण एकोणचाळीस अनुकूल उदाहरणांना पुरून उरते.

प्रमेय लिहिताना आपण पक्ष, साध्य आणि सिद्धता असे तीन भाग करतो. यांतील पक्ष आणि साध्य हे शब्द भारतीय तर्कशास्त्रातून आले आहेत, आणि त्या शास्त्राच्या घडणीत दिङ्नाग व धर्मकीर्ती या बौद्ध आचार्यांचा वाटा फार मोठा आहे. अर्थ थोडा बदलला आहे : तर्कशास्त्रात पक्ष म्हणजे ज्याविषयी अनुमान करायचे तो विषय, तर भूमितीत दिलेली माहिती. पावसाळ्यापूर्वी आपल्याकडे भाताच्या रोपांसाठी राब भाजतात, तेव्हा डोंगरउतारावर धूर दिसताच आपण तिथे विस्तव आहे असे म्हणतो. दिङ्नागांनी अशा अनुमानाला तीन कसोट्या लावल्या. हेतू, म्हणजे इथे धूर, त्या विषयाच्या ठिकाणी असला पाहिजे. विस्तव असलेल्या अन्य ठिकाणी तो आढळला पाहिजे. आणि विस्तव नसलेल्या ठिकाणी तो कधीही आढळता कामा नये. तिसरी कसोटी सर्वांत महत्त्वाची, कारण ती अनुकूल उदाहरणांवर समाधान न मानता प्रतिउदाहरण शोधायला लावते. ऐकीव परंपरा, ग्रंथ किंवा गुरूचा अधिकार एवढ्यावरून काहीही स्वीकारू नये, हा कालामांना केलेला बुद्धांचा उपदेश या बौद्धिक शिस्तीच्या मुळाशी आहे.

विनोबांच्या तरुणपणात हीच शिस्त आचरणात उतरलेली दिसते. महाविद्यालयीन शिक्षणात त्यांचे मन रमले नाही. शाळा-महाविद्यालयातील प्रमाणपत्रे त्यांनी आईच्या चुलीत जाळून टाकली. मार्च १९१६ मध्ये इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघालेले विनोबा सुरतेला उतरले आणि काशीला गेले. तेथील हिंदू विश्वविद्यालयात गांधीजींनी केलेल्या भाषणाचा वृत्तान्त त्यांच्या वाचनात आला. त्यांनी पत्रे लिहून शंका विचारल्या, उत्तरे तपासली आणि ७ जून १९१६ रोजी अहमदाबादजवळच्या कोचरब आश्रमात ते गांधीजींना भेटले. पुढे काही काळ वाईला राहून त्यांनी शास्त्रांचे अध्ययन केले. एका वर्षाची मुदत मागून ते गेले होते. मुदत संपताच परतले. १९२१ मध्ये गांधीजींनी त्यांना वर्ध्याच्या आश्रमाची जबाबदारी दिली.

वर्ध्यात आणि पवनारला विनोबांनी स्वतःला प्रयोगशाळा बनवले. सूत कातणाऱ्याला मिळणाऱ्या मजुरीत माणसाचे पोट भरते का, हा प्रश्न त्यांनी इतरांना विचारला नाही. स्वतः तेवढे तास कातून, तेवढ्याच मिळकतीत जगून त्याचा पडताळा घेतला. किती तासांत किती सूत निघते, त्याचा किती मोबदला होतो, त्यात किती आहार मिळतो, याच्या काटेकोर नोंदी ठेवल्या. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी गीतेवर जी प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी टिपून घेतली, त्यांतील पाचव्या अध्यायात भूमितीचा दृष्टान्त आला आहे. फळ्यावर काढलेली रेषा खरी रेषा नसते, कारण व्याख्येप्रमाणे रेषेला रुंदी नसते. तरीही समजा असे म्हणून आपण आरंभ करतो आणि निर्दोष निष्कर्षाला पोहोचतो. आदर्श डोळ्यांपुढे धरण्याची उपयुक्तता त्यांनी यातून समजावून दिली. अवगामी विचाराचे सारे बळ त्या समजा या शब्दात आहे. त्याची मर्यादाही तिथेच आहे : गृहीत खरे असेल, तरच निष्कर्ष खरा ठरतो.

या मर्यादेची परीक्षा १८ एप्रिल १९५१ रोजी सुरू झाली. तेलंगणातील जमीनदार-शेतकरी संघर्षाने होरपळलेल्या भागात विनोबा पायी फिरत होते. नलगोंडा जिल्ह्यातील पोचमपल्ली गावी भूमिहीन दलित कुटुंबांनी त्यांच्याकडे जमीन मागितली. किती हवी, असे विचारल्यावर ८० एकर असे उत्तर आले. विनोबांनी तो प्रश्न गावकऱ्यांपुढे ठेवला आणि रामचंद्र रेड्डी यांनी १०० एकर देण्याची तयारी दाखवली. त्या रात्री विनोबांना फारशी झोप लागली नाही. त्यांनी ईश्वराचे स्मरण केले आणि मग गणित मांडले : साऱ्या देशातील भूमिहीनांसाठी किती जमीन लागेल? उत्तर आले पाच कोटी एकर.

आकडा योजण्यामागील विचार स्वच्छ होता. देशातील लागवडीची जमीन ढोबळमानाने ३० कोटी एकर धरली, तर तिचा सहावा भाग पाच कोटी एकर होतो. म्हणून विनोबा प्रत्येक घरात जाऊन सांगू लागले की, तुम्हाला पाच मुले असतील तर मला सहावा समजा आणि माझा वाटा द्या. प्रत्येक जमीनधारक सहावा हिस्सा देईल, या गृहीतापासून पाच कोटींचा निष्कर्ष अचूक निघतो. पण हे गृहीत कशावर उभे होते? पोचमपल्लीच्या एका उदाहरणावर. एक सज्जन देतो, म्हणून सर्व देतील, ही उद्गामी झेप होती.

विनोबांनी ती झेप तपासून पाहिली, हे त्यांच्या गणिती वृत्तीला साजेसेच होते. दुसऱ्या गावी त्यांनी पुन्हा मागितले, तिसऱ्या गावी पुन्हा. तेलंगणात ५१ दिवसांत सुमारे १२ हजार एकरांचे दान मिळाले. म्हणजे दिवसाला सरासरी २४० एकरांच्या घरात. याच वेगाने एकट्याने पाच कोटी एकर गोळा करायचे, तर साधारण ५७० वर्षे लागली असती. म्हणून कार्यकर्त्यांची फळी उभी राहिली. विनोबा सुमारे तेरा वर्षे देशभर चालत राहिले. उत्तर प्रदेशातील मंगरोठ गावाने आपली सारी जमीनच गावाला अर्पण केली आणि भूदानातून ग्रामदानाची कल्पना पुढे आली. बिहारमध्ये तर वीस लाख एकरांहून अधिक जमिनीची दानपत्रे मिळाली. १९५८ साली सामुदायिक नेतृत्वासाठीचा पहिला मॅगसेसे पुरस्कार विनोबांना मिळाला.

तरीही एकूण दान सुमारे ४२ लाख एकरांवर थांबले. उद्दिष्टाच्या तुलनेत हा बाराव्या हिश्श्याच्या आसपासचा आकडा. शिवाय त्यातील पुष्कळ जमीन खडकाळ, वादग्रस्त किंवा कागदोपत्री अपुरी निघाली आणि भूमिहीनांच्या नावावर चढलीच नाही. जगात कोणी केवळ मागून इतकी जमीन मिळवल्याचे दुसरे उदाहरण सहसा दिसत नाही, हे खरे. आणि ज्या भूमिहीनाचे नाव सातबाऱ्यावर लागले नाही, त्याच्या दृष्टीने प्रमेय सिद्ध झाले नाही, हेही तितकेच खरे.

आपल्या समाजाला हा प्रश्न परका नाही. याच जिल्ह्यात महाडला १९२७ साली पाण्याच्या हक्कासाठी सत्याग्रह झाला. कोकणातील खोती पद्धत नष्ट करण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले. १९४७ च्या आपल्या निवेदनात त्यांनी शेती राज्याच्या मालकीची असावी, अशी घटनात्मक तरतूद सुचवली. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह उभारले. या मार्गाची तर्करीत भूदानाहून वेगळी होती. तो नियमापासून निघतो : माणूस म्हणून प्रत्येकाला जगण्याच्या साधनांवर हक्क आहे, म्हणून या माणसालाही तो आहे. देणाऱ्याच्या मनावर तो अवलंबून राहत नाही. दान उदाहरणागणिक वाढते आणि पुढच्या उदाहरणाशी अडू शकते. हक्क नियम म्हणून येतो, आणि त्याची अंमलबजावणी झाली तर कोणालाही वगळत नाही. विनोबांविषयी आदर बाळगूनही हा भेद विद्यार्थ्यांनी नीट समजून घ्यावा.

विनोबांच्या जन्मानंतर अवघ्या चार महिन्यांनी, १४ जानेवारी १८९६ रोजी, याच जिल्ह्यात महाडजवळच्या नाते गावी चिंतामणराव देशमुख जन्मले. त्यांचे बालपण रोह्यात गेले. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि पुढे केंद्रीय अर्थमंत्री झालेले देशमुख भारतीय सांख्यिकी संस्थेचे दीर्घकाळ अध्यक्ष होते. प्रा. प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या पुढाकाराने १९५० साली सुरू झालेल्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाने निवडक कुटुंबांच्या पाहणीतून साऱ्या देशाच्या राहणीमानाचे अनुमान काढण्याचे शास्त्र रूढ केले. नरहरपंतांनी सुचवलेल्या तोळ्याचेच हे सुधारलेले रूप. फरक इतकाच की, यात नमुने अनेक ठिकाणांहून, ठरावीक रीतीने घेतले जातात आणि चूक किती असू शकेल याचाही हिशेब मांडला जातो. पेणचा संत पायी फिरून माणसांच्या मनाचा अंदाज घेत होता, तेव्हा रोह्याचा अर्थमंत्री आकड्यांच्या आधाराने देशाचा अंदाज घेत होता.

विनोबांची बौद्ध विचाराशी असलेली जवळीक इथे नोंदवली पाहिजे. १९५४ साली बोधगयेला भरलेल्या सर्वोदय संमेलनाच्या निमित्ताने तेथे समन्वय आश्रमाची स्थापना झाली. धम्मपदाच्या ४२३ गाथा परंपरेने २६ वर्गांत विभागलेल्या आहेत. विनोबांनी त्यांचा दीर्घ अभ्यास करून विषयानुसार नवी मांडणी केली. ती धम्मपदं नवसंहिता या नावाने प्रसिद्ध आहे. विखुरलेल्या गाथांतील समान सूत्र ओळखणे आणि मग त्या सूत्राच्या क्रमाने त्यांची रचना करणे, या कामातही त्यांची गणिती दृष्टी दिसते.

अखेरची वर्षे त्यांनी पवनारच्या आश्रमात घालवली. आणीबाणीच्या काळातील त्यांच्या भूमिकेवर टीका झाली. नोव्हेंबर १९८२ मध्ये प्रकृती ढासळल्यावर त्यांनी अन्न व औषध घेणे थांबवले आणि १५ नोव्हेंबरला देह ठेवला. १९८३ साली त्यांना मरणोत्तर भारतरत्न जाहीर झाले.

विद्यार्थ्यांनी या जीवनातून काय घ्यावे? नियम शोधताना उदाहरणांना भिऊ नये. भरपूर घ्यावीत, स्वतः मोजावीत, स्वतः चालून पाहावीत. पण उदाहरणे कितीही जुळली, तरी सिद्धता हाती येईपर्यंत त्यांना अंदाजच म्हणावे आणि चाळिसावी संख्या तपासण्याची तयारी ठेवावी. सिद्धता लिहिताना पक्षात काय गृहीत धरले आहे, ते आधी वाचावे. हीच सवय वर्गाबाहेरही उपयोगी पडते. एखाद्या जातीच्या, गावाच्या किंवा धर्माच्या चार माणसांवरून साऱ्यांविषयी मत बनवणारा कोणी भेटला, तर त्याला पाचवे उदाहरण दाखवता आले पाहिजे. एखाद्या दात्याच्या औदार्यावरून अन्याय संपल्याचा निष्कर्ष कोणी काढला, तर तो कोणत्या गृहीतावर उभा आहे, हे विचारता आले पाहिजे. गागोद्याच्या त्या मुलाने आयुष्यभर मोजदाद आणि तर्क यांचा हात सोडला नाही. त्याने मांडलेले गणित जिथे पुरे पडले नाही, तिथून पुढच्या पायऱ्या लिहिणे आता आपल्या हाती आहे.